मुलांच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार

रविवार, रात्री

आज उपासना सुटल्यावर कंपाउंडमध्ये चहा घेत उभ्या होतो तर एक ताई म्हणाली की अगं तुम्ही रोज रात्री मुलांना घेऊन बसता, बायबल, गाणी, प्रार्थना, एवढं कशाला, संडे स्कूल आहे की त्याच्यासाठी, टीचर किती छान शिकवतात. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, दिवसभर ऑफिस, परत स्वयंपाक, मुलांचा होमवर्क, वेळ कुणाकडे आहे, हे मलाही कळतं. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं म्हणून आता मुलं झोपल्यावर लिहायला बसलेय.

संडे स्कूल मला खूप प्रिय आहे. नगरला आमच्याकडे जुनी माणसं अजून त्याला शब्बाथ शाळा म्हणतात, तिथेच मी तेविसावं स्तोत्र पाठ केलं, दहा आज्ञा पाठ केल्या, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाले. पण एका तासात हजेरी, दोन अ‍ॅक्शन साँग, सुवर्णवचन, चित्र रंगवणं, खाऊ, ह्या सगळ्यात टीचर तरी किती सांगणार. आणि मुळात संडे स्कूल सुरू झालं ते कुणासाठी? इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट राइक्स नावाचा एक वर्तमानपत्रवाला होता, त्याने १७८० साली रविवारची शाळा काढली ती कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी. टाचण्यांचे कारखाने होते तिथे, आठवड्याचे सहा दिवस मुलं कामावर, सुट्टी फक्त रविवारी आणि तेव्हा ती रस्त्यावर. त्यांना अक्षर शिकवायचं, वाचता आलं की बायबल वाचायला द्यायचं. म्हणजे ज्यांना घरी शिकवणारं कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी ती सोय होती. आपल्या मुलांना घरात आईबाप आहेत, दोघं शिकलेले आहेत, घरात तीन-तीन बायबलं आहेत, आणि तरी आपण ते काम रविवारवर सोडून मोकळे होतो, हे मला पटत नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली त्यात मुख्य भागांच्या वर लिहिलंय की कुटुंबप्रमुखाने घरातल्या माणसांना हे सोप्या पद्धतीने कसं शिकवावं. पाळकाने कसं शिकवावं असं नाही. जर्मनीत सॅक्सनीतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, फिरून आल्यावर त्याने ती लिहायला घेतली, कारण लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नव्हती, आणि मला त्यातून दिसतं ते हे की शिकवणं घरातही व्हायला पाहिजे.

आणि बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाचा सहावा अध्याय तर आपल्याकडे भिंतीवर लावलेला असतो, घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता ह्या गोष्टींविषयी बोलत जा. पण मला त्याच अध्यायाचा पुढचा भाग जास्त आवडतो, जो कुणी फ्रेम करून लावत नाही. तिथे म्हटलंय की पुढे तुझा मुलगा तुला विचारेल, ह्या आज्ञा आणि हे विधी कशासाठी, तेव्हा त्याला सांग, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारोचे दास होतो. बघा ना, मुलगा विचारतोय नियम कशाला, आणि बापाने नियमाचं स्पष्टीकरण द्यायचं नाहीये, गोष्ट सांगायचीये. आपण कोण होतो, कुठे अडकलो होतो, कुणी सोडवलं. निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या, वेळी पण तेच, मुलं विचारतील ह्या सेवेचा अर्थ काय. यहोशवात यार्देनेतून उचलून आणलेले बारा धोंडे मांडून ठेवले तेही ह्याचसाठी की पुढे मुलं विचारतील हे धोंडे कसले. म्हणजे देवाने मुलांचा प्रश्न आधीच गृहीत धरलाय. मुलं विचारणारच, फक्त उत्तर द्यायला तेव्हा कुणी मोठं माणूस घरात, मोबाईल खाली ठेवून, बसलेलं पाहिजे.

मंगळवार

आजचं लिहून ठेवायलाच पाहिजे.

खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले मागच्या आठवड्यात. धाकट्याचा त्यांच्यावर भारी जीव, शाळेतून येताना रोज त्यांच्या दारात थांबायचा, ते खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे. आज जेवताना त्याने भात चिवडत चिवडत विचारलं, "मम्मी, आजोबा देवाला आवडले म्हणून गेले ना?" बिल्डिंगमध्ये कुणीतरी त्याला समजवायला म्हणून सांगितलं असणार. मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "मग मी देवाला आवडायला नको. मी प्रार्थना नाही करणार आज."

पाच वर्षाच्या पोराने केवढा हिशोब केला त्या एका वाक्यावरून. देवाला जो आवडतो त्याला देव उचलून नेतो, तर मग अशा देवापासून लपलेलं बरं. मी हातातला घास खाली ठेवला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी त्याला सुरुवातीपासून सांगितलं. की देवाने जग केलं तेव्हा सगळं चांगलं होतं, तुला आठवतं ना आपण वाचलं, देवाने पाहिले की ते चांगले आहे, परत परत येतं ते. त्यात मरण नव्हतं. मरण नंतर आलं, माणसाने देवाचं ऐकलं नाही तेव्हा आलं, आणि ते देवाला आवडत नाही. तो म्हणाला कशावरून आवडत नाही. म्हटलं लाजराची गोष्ट सांगू का. बेथानीत येशूचा मित्र होता, आजारी पडला आणि गेला, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते, बहिणी रडत होत्या, आणि येशू तिथे गेला आणि येशू रडला. "येशू रडला?" त्याचे डोळे एवढे मोठे. हो, रडला, आणि मग थोड्या वेळाने त्याने लाजराला हाक मारून बाहेर बोलावलं. आता मोठी मध्येच बोलली, ती चौथीत आहे, की पण त्याला माहीत होतं ना तो उठवणार आहे ते, मग रडला कशाला? हा प्रश्न मोठमोठ्या प्रवचनांत पण नीट येत नाही खरं तर. मी म्हटलं मला वाटतं मरण त्याला इतकं वाईट वाटतं म्हणून, मरीया आणि मार्था त्याच्या इतक्या जवळच्या होत्या म्हणून. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की शेवटला शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल. देव मृत्यूला शत्रू म्हणतो रे बाळा, मित्र नाही.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांना देवाने नाही मारलं." नाही. "मग मी करतो प्रार्थना." आणि केली पण त्याने, आजोबांच्या घरच्या आजींसाठी, की त्या एकट्या आहेत तर देवा तू त्यांच्याकडे जा, आणि मी पण जाईन उद्या.

ख्रिस्ती दृष्टिकोन, वर्ल्डव्ह्यू, असे शब्द आपण सेमिनारमध्ये ऐकतो आणि वाटतं ते कॉलेजातल्या मुलांसाठी आहे, तत्त्वज्ञान वगैरे. मला तर दिसतंय की तो इथे ह्या ताटावर ठरतोय. जग कुणी केलं, बिघडलं कशाने, दुरुस्त कोण करतंय, शेवटी काय होणार. हे चार प्रश्न पाच वर्षाचं मूल विचारतंच, फक्त त्याच्या भाषेत विचारतं. आणि घरातून उत्तर नाही मिळालं तर जिन्यातून मिळतं. ते ऐकून झालेलं असतं आणि मनात बसलेलं पण असतं, आपल्याला पत्ताही नसतो.

गुरुवार

मोठी आज शाळेतून आली आणि बॅग पाठीवर तशीच ठेवून म्हणाली, "मम्मी, आपण कोण?"

म्हटलं म्हणजे काय.

"वर्गात ती एक विचारत होती तुमची कास्ट काय. मी सांगितलं ख्रिश्चन. तर ती म्हणाली ते नाही गं, त्याच्या आधीचे कोण."

चौथीतली मुलगी. तिला हे कुणीतरी शिकवलंय, म्हणजे त्यांच्याही घरात रोज शिकवणं चालूच आहे, फक्त त्याला कुणी शिकवणं म्हणत नाही. मला त्या पोरीचा राग नाही आला, मोठ्यांचा आला.

मी मोठीला तिच्या पणजोबांचं सांगितलं. मी स्वतः त्यांना बघितलेलं नाही, आजीकडून ऐकलंय सगळं. नगर जिल्ह्यातलं गाव, गावाबाहेर वस्ती, विहिरीवर जायचं नाही, शाळेत बसायचं नाही. मग मिशनचे मास्तर आले, त्यांनी वस्तीतच शाळा भरवली, अक्षरं गिरवायला लावली, आणि शुभवर्तमान वाचायला शिकवलं. आजी सांगायची की पणजोबांना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं ते वचन कळलं, देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला, तेव्हा ते परत परत तेच वाचून घ्यायचे, कारण त्यांना आयुष्यात आधी कुणीच असं सांगितलं नव्हतं की तू देवासारखा केलेला आहेस. ती सांगताना आजीचा आवाज बदलायचा. तो मला अजून ऐकू येतो.

मग मोठीला म्हटलं, ती विचारते ना आधीचे कोण, तर तिला सांग सगळ्यात आधी देवाने केलेली माणसं, तुझे पण आधीचे तेच. तिला ते आवडलं, उद्या सांगणार म्हणाली, पण लगेच विचारलं, "चर्चमध्ये असं कुणी विचारत नाही ना?"

आता इथे मी तिला खोटं सांगणार नव्हते. चर्चमध्ये पण विचारतात, लग्न जमवताना तर नक्की विचारतात, दबक्या आवाजात, मूळ कुठलं, आडनाव आधी काय होतं. दोनशे वर्षं झाली अमेरिकन मराठी मिशनला, १८१३ साली मुंबईत आले ते लोक, आणि आपल्या मंडळ्यांमधून हे गेलेलं नाही. गलतीकरांस पत्रात पौल एवढं स्पष्ट लिहितो की यहूदी नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात, ते आम्ही पाठ करतो आणि स्थळ बघताना बाजूला ठेवतो. तिला एवढंच म्हटलं की विचारतात, आणि ते चूक आहे, आणि तू मोठी झालीस की विचारायचं नाहीस. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पण सांगितलं, चित्पावन ब्राह्मण घरात जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन राहिले, सगळ्यांबरोबर जेवले-राहिले, आणि त्यांची भजनं आज आपण सगळे गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जास्त वेळ लागला, पाच वर्षांनी त्या आल्या, पण आल्या त्या पूर्ण मनाने, आणि दुसऱ्यांची पोरं स्वतःच्या घरात वाढवली. मोठीने विचारलं त्यांची पण रोजनिशी होती का. तर म्हटलं आठवणी लिहिल्या त्यांनी, तू वाचशील जरा मोठी झाल्यावर.

हा विषय लहानपणीच व्हायला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. वीस वर्षाच्या मुलाला देवाची प्रतिमा समजावणं सोपं आहे, तो परीक्षेत लिहील पण. पण तोपर्यंत कुणाच्या घरी पाणी प्यायचं, कुणाला अरेतुरे करायचं, कचरा घेऊन जाणाऱ्या ताईंशी कसं बोलायचं, हे त्याच्या अंगात भिनून गेलेलं असतं. आमच्याकडे मुलं त्या ताईंना नावाने आणि ताई लावून हाक मारतात, दार उघडून सलाम करतात, जसा चर्चमध्ये करतात तसाच. हे मी रागावून शिकवलेलं नाही, हे माझ्या सासूबाई करायच्या ते बघून मुलांनी उचललंय.

शनिवार

सोसायटीत मांडव पडलाय. गणपती जवळ आले की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तीच चर्चा, मुलांना जाऊ द्यायचं का, प्रसाद खायचा का, आरतीला उभं राहायचं का. घराघरात वेगळी पद्धत आहे आणि मी कुणाला नावं ठेवत नाही. आमच्या घरी ह्यावर बसून बोलणं झालंय, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय समोर ठेवून, तिथे मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचाच प्रश्न आहे. आमची मुलं आरतीला उभी राहत नाहीत, हात जोडत नाहीत, कारण ती उपासना आहे आणि आपण उपासना एकाच देवाची करतो, पहिली आज्ञा. पण समोरच्या काकू मोदक घेऊन दारात आल्या तर आम्ही त्यांना आत बोलावतो, चहा करतो, मांडव घालायला ह्यांनी कालच हात लावला, बाप-लेक दोघं बांबू धरून उभे होते. नाताळात त्याच काकू आमच्याकडे करंज्या लाटायला येतात. मुलांना एकच गोष्ट ठणकावून सांगितलीये की कुणाच्या देवाला हसायचं नाही, मूर्तीवरून चेष्टा करायची नाही, कधीच नाही. प्रेषित पेत्र म्हणतो ना, तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. मोठी मागच्या वर्षी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, मी आरतीला नाही येणार पण नंतर खेळायला येते. मैत्रीण म्हणाली बरं, लवकर ये. झालं. मुलांना हे जमतं. मोठ्यांनाच भांडण केल्याशिवाय श्रद्धा ठेवता येत नाही असं वाटतं किंवा श्रद्धा सोडल्याशिवाय शेजार राखता येत नाही असं तरी वाटतं.

संध्याकाळी दिरांचा फोन होता. बोलता बोलता म्हणाले, वहिनी, मुलांवर एवढं लादू नका, मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील. ते प्रेमाने म्हणाले. मी पण प्रेमानेच म्हटलं की भाऊजी, ठरवणार तीच आहेत, त्यांच्यासाठी विश्वास मी ठेवू शकत नाही. लहानपणी बाप्तिस्मा झालाय त्यांचा, पण दृढीकरणाला, म्हणजे मोठं झाल्यावर चर्चमध्ये विश्वास कबूल करतात तेव्हा, त्यांना स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागेल आणि तेव्हा मनात नसेल तर त्यांनी नको म्हणावं, मी चालवून घेईन. पण तोपर्यंत मी गप्प बसले तर बाकीचे काही गप्प बसणार नाहीयेत. रील्स सांगतायत की दिसणं म्हणजेच सगळं, क्लासवाले सांगतायत की मार्क म्हणजेच तू, जाहिराती सांगतायत की विकत घे म्हणजे सुखी होशील. मूल कुठल्या तरी गोष्टीत वाढणारच.

त्यांना मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकांनी संस्कृत शिकायचं नाही असा काळ, तरी त्यांनी बायकोला शिकवलं, आणि रमाबाई लहान असताना आई त्यांना पहाटे उठवून शिकवायची, हजारो श्लोक तोंडपाठ. दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आईबापांनी जे शिकवलं त्याच वाटेवर त्या राहिल्या नाहीत, स्वतः शोधून स्वतः ठरवलं. पण ती शिस्त, ते पाठांतर, खऱ्याचा पाठलाग करायची ती जिद्द लहानपणची, आणि त्याच्याच जोरावर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ ला छापून आलं, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. लहानपणी मनापासून शिकवलेलं मूल बांधलं जात नाही, ते विचार करायला लागतं. दीर म्हणाले, हं, बघतो मी पण. त्यांची छोटी आता तीन वर्षाची आहे.

एक मात्र मी त्यांना नाही बोलले पण इथे लिहिते. मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही, हे नीतिसूत्रांतलं वचन आम्ही आईबापांना हमी म्हणून सांगतो आणि ज्यांची मुलं दूर गेलीयेत त्या आया ते ऐकून आतल्या आत तुटतात. मी अशा आया बघितल्यात, रोज रात्री मुलाच्या नावाने गुडघे टेकणाऱ्या. नीतिसूत्र म्हणजे शहाणपण आहे, करार नाही. शिलोच्या त्याच घरात याजक एलीची मुलं हफनी आणि फिनहास बिघडली आणि तिथेच लहानगा शमुवेल देवाची हाक ओळखायला शिकला, आणि त्याच शमुवेलाची स्वतःची मुलं पुढे लाच खायला लागली. त्यामुळे कुणाच्या मुलांकडे बघून कुणाच्या आईची परीक्षा करू नये. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याची आजी लोईस आणि आई युनीके, त्यांचा विश्वास पौलाला आठवतो, बाळपणापासून शास्त्र माहीत आहे म्हणतो, बस, तेवढंच आपल्या हातात असतं.

आमचं रोजचं काही फार मोठं नाही. जेवण झालं की टेबल पुसायचं, टीव्ही बंद, उपासना संगीत ह्या आमच्या गीतपुस्तकातलं एक गाणं, धाकट्याला टाळ दिले की तो खूश, मग एक गोष्ट. मुलं इंग्लिश मीडियमची, जुन्या बायबलची मराठी त्यांना जड जाते, म्हणून हे आधी वाचतात आणि मग मी साध्या भाषेत सांगते, पण वाचायचं मराठीतूनच, कारण आजीशी प्रार्थना त्यांना मराठीतूनच करायचीये. मग प्रश्न. प्रश्नांना वेळेची मर्यादा नाही, झोपायला उशीर झाला तरी चालेल.

परवापासून उत्पत्तीतली योसेफाची गोष्ट सुरू करणार आहोत. मोठीने आज वही बघितली आणि आत्ताच विचारून ठेवलंय की भावांनी त्याला विकलं तेव्हा देव काय करत होता. म्हटलं हा प्रश्न लिहून ठेव, पोटीफराच्या घरात उत्तर नाही मिळणार, तुरुंगात पण नाही, पन्नासाव्या अध्यायापर्यंत थांबायचंय. ती म्हणाली एवढं? म्हटलं हो, योसेफ पण तेवढाच थांबला होता. तिने लिहिलंय वहीत, खाली तिच्या अक्षरात, मम्मीने उत्तर द्यायचं आहे.